चार जीबीचं मशीन, एका वेळी पाच कामं: रॅम, पेजफाइल आणि प्राधान्य हाताळायची रीत

बेळगावच्या खडेबाजारातलं डीटीपीचं दुकान घ्या, निपाणीतलं ऑनलाइन अर्ज भरून देणारं केंद्र घ्या किंवा खानापुरातल्या पतसंस्थेचं कार्यालय. टेबलावरचं मशीन बहुधा एकाच घडणीचं असतं. चार जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, विंडोज १०, आणि त्यावर एकाच वेळी कोरलड्रॉ, टॅली, स्कॅनर, मराठी टायपिंगची श्रीलिपी, कन्नड टायपिंगची नुडी आणि ब्राउझरचे पंधरा टॅब. निपाणीकडे तर एका टॅबमध्ये कर्नाटकचा आरटीसी उतारा आणि शेजारच्या टॅबमध्ये महाराष्ट्राचा सातबारा. सकाळी मशीन ठीक चालतं, दुपारी अडायला लागतं. मग प्रोसेसर जुना झाला, व्हायरस शिरला किंवा विंडोज नव्याने टाकायला हवं, यांपैकी काहीतरी ठरवलं जातं. अशा मशीनवर बहुतेक वेळा तिन्ही चूक निघतात. प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असतो आणि डिस्क धापा टाकत असते. हे आकड्यांत दिसतं, आणि ते आकडे बघितल्याशिवाय मशीनवर एक रुपयाही खर्च करू नये.

प्रोसेसर वेळ कसा वाटतो

डॉसच्या काळात एका वेळी एकच प्रोग्राम चालायचा आणि त्याच्या वाट्याला मूळची ६४० केबी मेमरी यायची. विंडोज ३.१ मध्ये अनेक प्रोग्राम एकत्र उघडता येऊ लागले, पण प्रोसेसरचा ताबा सोडायचा की नाही हे प्रोग्रामच्या मर्जीवर होतं. एकाने सोडला नाही की सगळं मशीन गोठायचं. १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ने ३२ बिटांच्या प्रोग्रामसाठी ही मर्जी संपवली आणि ताबा काढून घेण्याचा हक्क ऑपरेटिंग सिस्टिमकडे आला. आजही तीच पद्धत चालते.

विंडोजचं घड्याळ सहसा दर १५.६ मिलिसेकंदांनी टिकटिकतं. घरगुती आवृत्तीत एका धाग्याला, म्हणजे थ्रेडला, एका पाळीत साधारण अशा दोन टिकटिकी मिळतात. समोर उघडलेल्या खिडकीतल्या प्रोग्रामची पाळी तिप्पट लांब असते. कोणाला आधी, हे ० ते ३१ या प्राधान्य-पायऱ्यांवर ठरतं. साधारण प्रोग्राम ८ वर असतो, त्याखालचा ‘बिलो नॉर्मल’ ६ वर, ‘हाय’ १३ वर. खालच्या पायरीवरचा धागा चारेक सेकंद ताटकळला तर विंडोज त्याला क्षणभर १५ वर चढवते, म्हणजे तो कायमचा उपाशी राहत नाही.

यातला कामाचा भाग पुढे आहे. जो धागा डिस्ककडून काही येण्याची वाट बघतोय तो या रांगेत नसतोच. त्याला प्रोसेसर नकोच असतो. म्हणून मशीन अडलेलं असताना प्रोसेसर १५ टक्क्यांवर दिसणं यात विसंगती काही नाही. सगळे धागे डिस्कच्या दारात उभे आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

मेमरीची पानं आणि त्यांची किंमत

विंडोज मेमरी ४ केबीच्या पानांमध्ये मोजते. प्रत्येक प्रोग्रामला स्वतःचा वेगळा पत्ता-नकाशा मिळतो, आणि त्यातलं कुठलं पान रॅममध्ये आहे, कुठलं डिस्कवर, याची नोंद सिस्टिम ठेवते. प्रोग्रामने मागितलेलं पान त्याच्या नकाशात नसेल तर पेज फॉल्ट होतो. पान रॅममध्येच दुसरीकडे पडलेलं असेल तर तो सॉफ्ट फॉल्ट. त्याचा त्रास नाही. पान डिस्कवरून आणावं लागलं तर तो हार्ड फॉल्ट, आणि सगळी रड इथूनच सुरू होते.

हिशेब करून बघा. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कला अर्धी फेरी पुरी करायला सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात. वाचणारा काटा योग्य जागी न्यायला आणखी ८ ते ९. म्हणजे विखुरलेलं एक पान आणायला १२-१३ मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम ८० पानं, म्हणजे ३२० केबी. विंडोज शेजारची पानं एकत्र उचलते म्हणून प्रत्यक्षात थोडं बरं दिसतं, पण लढाई याच पातळीवरची. रॅममधून तेच काम मायक्रोसेकंदाच्या दहाव्या भागात होतं, म्हणजे फरक लाखपटीचा. साटा एसएसडीला (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कला) एका वाचनासाठी साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो. रॅमच्या तुलनेत तीही गोगलगाय, पण तबकडीपेक्षा शंभरपट वेगवान.

प्रत्येक प्रोग्राम थोड्या काळात ज्या पानांना पुन्हापुन्हा हात लावतो, तो त्याचा कामाचा संच. चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामांचे कामाचे संच मिळून रॅममध्ये मावले की दहा प्रोग्राम उघडे असले तरी चालतं. ते मावेनासे झाले की एकाचं पान आत घ्यायला दुसऱ्याचं बाहेर, आणि लगेच त्या दुसऱ्याला तेच परत हवं. याला थ्रॅशिंग म्हणतात. हे हळूहळू वाढत नाही, एका टोकानंतर धाडकन येतं. बारा टॅबपर्यंत सुरळीत आणि चौदाव्याला मशीन आडवं, असं होतं ते यामुळे.

आधी मोजा

मशीन अडलेलं असतानाच मोजायला हवं. नुकतं सुरू केलेल्या मशीनवर घेतलेले आकडे कुचकामी.

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. खाली ‘मोअर डिटेल्स’ दिसलं तर ते दाबा.

२. ‘परफॉर्मन्स’ मध्ये ‘मेमरी’ निवडा. ‘इन यूज’, ‘अव्हेलेबल’, ‘कमिटेड’ आणि ‘कॅश्ड’ हे चार आकडे कागदावर लिहा. उजवीकडे किती स्लॉट भरलेत आणि रॅमचा वेग काय, हेही दिसतं. तेही लिहून ठेवा, पुढे रॅम घेताना लागेल.

३. तिथेच ‘डिस्क’ वर जा. ‘ॲक्टिव्ह टाइम’ आणि ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ बघा.

४. त्याच पानाच्या तळाशी ‘ओपन रिसोर्स मॉनिटर’ आहे. (विंडोज ११ मध्ये ते वरच्या तीन टिंबांत लपलंय.) त्यातल्या ‘मेमरी’ पानावर ‘हार्ड फॉल्ट्स’ हा रकाना आहे. त्याच्या मथळ्यावर टिचकी मारली की सर्वात जास्त फॉल्ट करणारा प्रोग्राम वर येतो.

आता वाचन. अव्हेलेबल ४००-५०० एमबीच्या खाली, डिस्क सतत १०० टक्के आणि हार्ड फॉल्ट सेकंदाला शेकड्यांत, तेही मिनिटभर टिकून, असं असेल तर रॅम कमी पडतेय, शंका नको. नवा प्रोग्राम उघडताना फॉल्ट काही सेकंद उसळतात, ते साहजिक आहे. डिस्क १०० टक्के पण अव्हेलेबल दीड जीबी आणि फॉल्ट नगण्य, असं असेल तर रॅमचा दोष नाही. अँटीव्हायरसचं स्कॅन, विंडोज अपडेट किंवा मरायला टेकलेली डिस्क तपासा. रिस्पॉन्स टाइम वारंवार शेकडो मिलिसेकंदांवर जात असेल तर आधी बॅकअप घ्या. आणि प्रोसेसरच १०० टक्के, बाकी सगळं शांत, असं असेल तर तो खरा प्रोसेसरचा प्रश्न. जुन्या चार जीबीच्या मशीनवर हे चित्र त्या मानाने क्वचित दिसतं.

‘फ्री’ आकडा जवळजवळ शून्य दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. रिसोर्स मॉनिटरमध्ये गडद निळा ‘स्टँडबाय’ पट्टा दिसतो, त्यात आधी वाचलेल्या फायलींची पानं राखून ठेवलेली असतात. कोणी मेमरी मागितली की ती तत्काळ दिली जाते. मोकळी पडून राहिलेली रॅम काही कामाची नसते. ‘रॅम साफ करणारे’ प्रोग्राम नेमकं हेच बिघडवतात. ते चालू प्रोग्रामांची पानं जबरदस्तीने बाहेर ढकलतात, आकडा हिरवा होतो, आणि पुढच्या टिचकीला तीच पानं परत आणावी लागतात. असा प्रोग्राम मशीनवर असेल तर आजच काढून टाका.

कमिटेड म्हणजे काय

हा आकडा सगळ्यात कमी बघितला जातो आणि ‘मेमरी अपुरी’ हा संदेश मात्र याच्यावरून येतो. पतसंस्थेतलं मंजूर कर्ज आणि उचललेली रक्कम वेगळी असते, तसंच इथे. प्रोग्राम मेमरी मागतो तेव्हा विंडोज तेवढी मंजूर करते. प्रत्यक्ष वापर पुढे हळूहळू होतो. विंडोज कडक शिस्तीची आहे: रॅम आणि पेजफाइल (रॅमबाहेर काढलेली पानं ठेवायची डिस्कवरची फाइल) मिळून जेवढी जागा, त्यापलीकडे एक पैही मंजूर करत नाही. म्हणून रॅम उरलेली दिसत असतानाही मंजुरीची मर्यादा संपू शकते, आणि मग प्रोग्राम धडाधड बंद पडतात.

टास्क मॅनेजरमध्ये ‘कमिटेड’ खाली ५.१/५.४ असं काही दिसलं तर पहिला आकडा मंजूर झालेला, दुसरा मर्यादा. पहिला दुसऱ्याच्या नव्वद टक्क्यांपुढे गेला की पेजफाइल तपासायची वेळ झाली.

पेजफाइल

‘पेजफाइल बंद केली की मशीन पळतं’ हा सल्ला अजून फिरतोय. चार जीबीच्या मशीनवर तो आत्मघात आहे. पेजफाइल नसेल तर क्वचित लागणारी पानंही रॅममध्येच अडकून बसतात आणि मंजुरीची मर्यादा रॅमएवढीच राहते.

बहुतेकांसाठी उत्तर सोपं आहे: विंडोजवर सोपवा. ती गरजेप्रमाणे फाइल वाढवते, साधारण रॅमच्या तिप्पट किंवा ४ जीबी यांपैकी जे मोठं असेल तिथपर्यंत. अट एकच, सी ड्राइव्हवर जागा हवी. आपल्याकडच्या मशीनांत ही अट नेहमी मोडलेली असते. सी ड्राइव्ह ५० जीबीचा, त्यात दीड जीबी शिल्लक, आणि लग्नपत्रिकांची तीन वर्षांची कामं डेस्कटॉपवर. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच. पेजफाइलला वाढायला जागाच उरत नाही. आधी ती कामं डी ड्राइव्हवर हलवा, मग ‘डिस्क क्लीनअप’ चालवून जुन्या अपडेटच्या फायली काढा. सीवर १०-१२ जीबी मोकळी राहिलीच पाहिजे.

स्वतः आकडा द्यायचाच असेल तर ‘धिस पीसी’ वर उजवी टिचकी, ‘प्रॉपर्टीज’, ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’, ‘परफॉर्मन्स’ खालचं ‘सेटिंग्ज’, मग ‘ॲडव्हान्स्ड’ पान आणि ‘व्हर्च्युअल मेमरी’ खालचं ‘चेंज’. सर्वात वरची स्वयंचलित खूण काढा, ड्राइव्ह निवडा, ‘कस्टम साइझ’ मध्ये आरंभी ४०९६ आणि कमाल ८१९२ एमबी लिहा. मग ‘सेट’ दाबा. ‘सेट’ न दाबता थेट ‘ओके’ केलं तर काहीच बदलत नाही, आणि ही चूक सर्रास होते. शेवटी मशीन रीस्टार्ट करा.

पेजफाइल डी ड्राइव्हवर न्यावी का? डी हा त्याच डिस्कचा दुसरा भाग असेल तर मुळीच नाही. काट्याची धावपळ उलट वाढते. मशीनमध्ये खरोखरच दुसरी डिस्क किंवा एसएसडी असेल तर जरूर न्या, सीवर थोडी ठेवून.

भार कमी करा: चित्रं आणि स्कॅन

गणपतीच्या दिवसांत आणि लग्नसराईत सगळ्यात जास्त रॅम खाल्ली जाते ती अवाच्या सवा रिझोल्यूशनमुळे. १० फूट बाय ६ फुटांचा फ्लेक्स घ्या. ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांवर, तो ३६,००० बाय २१,६०० ठिपक्यांचा होतो. सीएमवायके मध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे एकाच थराला सुमारे ३.१ जीबी. तोच फ्लेक्स ७२ डीपीआयवर १८० एमबीत बसतो, १०० डीपीआयवर ३४५ एमबीत. चौकात वीस फुटांवरून बघणाऱ्याला यातला फरक दिसत नाही. शिवाय फोटोशॉपमध्ये प्रत्येक भरलेला थर आणि प्रत्येक ‘मागे जा’ पायरी वेगळी जागा घेऊ शकते. चार जीबीच्या मशीनवर इतिहासाच्या पायऱ्या दहा-पंधरापर्यंत खाली आणा आणि प्रेफरन्सेसमधल्या ‘परफॉर्मन्स’ मध्ये मेमरीचा वाटा मूळच्या ७० टक्क्यांवरून ५५-६० वर उतरवा. आकडा वाढवला की फोटोशॉप पळेल असं वाटतं, पण तो विंडोजचीच पानं बाहेर काढतो आणि सगळं मिळून मंदावतं.

स्कॅनचंही तेच. ए४ पान रंगीत, ६०० डीपीआय: उलगडल्यावर १०४ एमबी. २०० डीपीआय: साडेअकरा. अर्जाला जोडायच्या दाखल्यांना २०० पुरतं. चाळीस पानांचा खरेदीदस्त ६०० वर स्कॅन करून एकत्र पीडीएफ करायला घेतला की स्कॅनरचं सॉफ्टवेअर अर्ध्यावर कोसळतं, आणि दोष स्कॅनरला दिला जातो.

ब्राउझर

आजचे ब्राउझर जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळी प्रक्रिया चालवतात. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच, पण रॅमवर भार येतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा. त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कुठला टॅब किती खातो ते दिसतं. सेटिंग्जमधल्या ‘परफॉर्मन्स’ खाली ‘मेमरी सेव्हर’ चालू करा. एजमध्ये याला झोपलेले टॅब म्हणतात. एक सावधगिरी: कर्नाटक सरकारच्या सेवासिंधूसारख्या लॉगिनच्या पोर्टलवरचा टॅब झोपवला गेला आणि परत आल्यावर पान नव्याने लोड झालं, तर सत्र संपून अर्ज पहिल्यापासून भरावा लागू शकतो. ‘ही संकेतस्थळं नेहमी चालू ठेवा’ अशी यादी तिथेच आहे, तिच्यात ही पोर्टलं घाला.

दोन ब्राउझर एकत्र चालवणं टाळा. क्रोम आणि एज दोन्ही उघडे असले की सामायिक भागही दोनदा रॅममध्ये येतो.

श्रीलिपी, नुडी आणि हरवणारी अक्षरं

आपल्या भागातलं हे खास दुखणं आहे. मराठी मजकूर, कन्नड मजकूर आणि इंग्रजी, तिन्ही एकाच टेबलावर. कळफलक बदलणारे काही प्रोग्राम प्रत्येक कळ मध्येच अडवून, अक्षर बदलून पुढे पाठवतात. रॅम तंग झाली आणि अशा प्रोग्रामची पानं डिस्कवर गेली की कळ दाबल्यावर त्याला जागं व्हायला वेळ लागतो. विंडोज अमर्याद थांबत नाही. ठरलेल्या मुदतीत, विंडोज १० मध्ये जास्तीत जास्त एक सेकंद, उत्तर आलं नाही तर ती कळ तशीच पुढे सोडते. असं वारंवार झालं तर त्या प्रोग्रामला साखळीतूनच काढते, आणि कुठलाही संदेश देत नाही. टाइप करता करता मराठीच्या जागी अचानक इंग्रजी अक्षरं उमटायला लागतात ती बऱ्याचदा यामुळे. अशा वेळी तो प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करा. असे दोन प्रोग्राम एकाच वेळी चालू ठेवू नका. एकच कळ दोघांच्या हातून गेली की अक्षरं दुप्पट होतात किंवा गायब होतात.

युनिकोडमध्ये काम असेल, म्हणजे ऑनलाइन अर्ज, ईमेल, वर्ड, तर विंडोजमध्येच असलेले मराठी आणि कन्नड इनस्क्रिप्ट कळफलक जोडा आणि विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून अदलाबदल करा. वेगळा प्रोग्राम लागतच नाही. जुन्या पेजमेकरच्या कामापुरतंच श्रीलिपी उघडा. सुरुवातीलाच आपोआप उघडणारी यादी टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ पानावर आहे. प्रिंटरचे मदतनीस, फोनचे सिंक, अपडेट तपासणारे असे सगळे ‘डिसेबल’ करा. अँटीव्हायरस आणि बोटांच्या ठशाच्या यंत्राची सेवा यांना मात्र हात लावू नका.

३२ बिटांची भिंत

सेटिंग्ज, सिस्टिम, ‘अबाउट’. तिथे ‘सिस्टिम टाइप’ बघा. ३२ बिट लिहिलेलं असेल तर आठ जीबी रॅम घालूनही साडेतीनच्या आसपासच वापरली जाईल. ३२ बिटांच्या विंडोजवरून ६४ वर थेट अपग्रेड होत नाही, डिस्क पुसून नव्याने टाकावं लागतं. त्याआधी जुन्या पासबुक प्रिंटरचा आणि स्कॅनरचा ६४ बिटांचा ड्रायव्हर (ते यंत्र विंडोजला जोडणारं सॉफ्टवेअर) मिळतो का ते बघून घ्या. कित्येक जुन्या यंत्रांसाठी तो कधी निघालाच नाही.

६४ बिटांच्या विंडोजवरही ३२ बिटांचा प्रोग्राम स्वतःच्या भिंतीत कोंडलेला असतो. त्याला २ जीबीचा पत्ता-नकाशा मिळतो, खास तसा बांधलेला असेल तर ४. पेजमेकर ७ असाच. कोरलड्रॉ एक्स५ पर्यंत असाच, ६४ बिटांची आवृत्ती एक्स६ पासून आली. म्हणून सोळा जीबीच्या मशीनवरही एक्स५ ‘मेमरी नाही’ म्हणू शकतो. तिथे रॅम वाढवून काही होणार नाही. फाइलमधली चित्रं बाहेरून जोडा किंवा काम दोन फायलींत तोडा. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ पानावर मथळ्यावर उजवी टिचकी मारून ‘प्लॅटफॉर्म’ रकाना जोडला की कोण किती बिटांचं ते कळतं.

प्राधान्य बदलायचं तर खाली

‘डिटेल्स’ मध्ये प्रोग्रामवर उजवी टिचकी, ‘सेट प्रायॉरिटी’. समोरच्या कामाला ‘हाय’ देण्यापेक्षा मागे चाललेल्या जड कामाला ‘बिलो नॉर्मल’ द्या: व्हिडिओ बनवणं, मोठं झिप, मोठा पीडीएफ. ‘रिअलटाइम’ ला कधीच हात लावू नका, माउससुद्धा अडकू शकतो. प्रोग्राम बंद करून उघडला की हा बदल जातो. आणि अडचण रॅमची असेल तर यातलं काहीही उपयोगाचं नाही, कारण धागा डिस्कच्या दारात उभा आहे.

दिवसेंदिवस मंदावणारं मशीन

सोमवारी ठीक आणि शनिवारी रडकुंडीला, असं असेल तर गळती शोधा, म्हणजे घेतलेली मेमरी परत न करणारा प्रोग्राम. ‘डिटेल्स’ मध्ये ‘कमिट साइझ’ (मंजूर मेमरी) आणि ‘हँडल्स’ (प्रोग्रामने उघडून धरलेल्या गोष्टी) हे रकाने जोडा, सकाळी आणि संध्याकाळी आकडे लिहा. काम न वाढता ज्याचा आकडा एकसारखा चढतो, तो गळतोय. त्याला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बंद करून उघडणं हा खरा तोडगा आहे, नवी आवृत्ती येईपर्यंत. कुठल्याही प्रोग्रामचा आकडा चढत नाही, पण मेमरी पानावरचा ‘नॉन-पेज्ड पूल’ (विंडोजच्या गाभ्याची, डिस्कवर न जाणारी मेमरी) शेकडो एमबींवर जाऊन वाढतच राहतो, तर दोषी बहुधा एखादा ड्रायव्हर.

इथे एक फसगत आहे. विंडोज १० मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, ड्रायव्हरच्या गळतीसकट. टास्क मॅनेजरच्या ‘सीपीयू’ पानावर ‘अप टाइम’ अकरा दिवस दिसतो, आणि मालक शपथेवर सांगतो की रोज रात्री बंद करतो. दोघंही खरं बोलतात. आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ करा, किंवा शिफ्ट धरून ‘शट डाउन’ करा. ‘फास्ट स्टार्टअप’ कायमचं बंद करायचं तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांची निवड, आणि तिथली त्याची खूण काढा.

वीज जाते तेव्हा

पावसाळ्यात खानापूर, जांबोटी, लोंढा पट्ट्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. रॅममधलं सगळं त्या क्षणी जातं, आणि फक्त न जतन केलेली फाइलच जाते असं नाही. जतन केलेल्या फाइलची काही पानं ‘मॉडिफाइड’ म्हणून अजून रॅममध्ये, डिस्कच्या वाटेवर असू शकतात. ‘सेव्ह’ केल्यावर दोन सेकंदांत वीज गेली तर ती फाइलही अर्धवट राहू शकते. युपीएस असेल तर वीज गेल्यावर आधी सेव्ह, मग ‘हायबरनेट’, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन बंद. ‘स्लीप’ नको: त्यात रॅमला वीज लागतच राहते आणि युपीएसची बॅटरी संपली की सगळं पुसलं जातं. विंडोज १० मध्ये हायबरनेटची फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के जागा घेते, आठ जीबीला ३.२ जीबी. सी ड्राइव्हचा हिशेब करताना ती धरा.

रॅम घालताना

मोजणीतून रॅमच कमी निघाली तर चारच्या आठ करणं हा सगळ्यात फायद्याचा खर्च. त्यानंतर एसएसडी. दोन्ही एकदम परवडत नसेल आणि हार्ड फॉल्ट शेकड्यांत असतील तर रॅम आधी. फॉल्ट कमी पण सगळंच उघडायला वेळ लागत असेल तर एसएसडी आधी.

जुनी पट्टी काढून तिच्यावरचं लेबल वाचूनच नवी घ्या. पीसी३ म्हणजे डीडीआर३, १.५ व्होल्ट. पीसी३एल म्हणजे तीच, १.३५ व्होल्टची. पीसी४ म्हणजे डीडीआर४, १.२ व्होल्ट. डीडीआर३ आणि ४ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, जोर लावून बसत नाही. कित्येक लॅपटॉपना फक्त एल प्रकारच चालतो. वेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या चालतात, पण दोन्ही मंद पट्टीच्या वेगाने. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर दोन सारख्या पट्ट्या घातल्या तर चित्रकामात फरक जाणवतो.

मशीन बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा. पेटीच्या धातूला हात लावा. स्लॉटच्या टोकाची चाप उघडा, खाच जुळवा, दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या; ‘टक’ असा आवाज येऊन चाप आपोआप मिटली पाहिजे. सुरू केल्यावर बीप वाजत राहिला आणि पडदा काळा, तर पट्टी नीट बसलेली नाही. उद्यमबागेतल्या ढलाई कारखान्यांच्या शेजारी किंवा पावसाळी दमट खोलीत संपर्काच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसा, कण झटका, पुन्हा बसवा.

आठ जीबी घातली आणि चारच दिसते, तर आधी ३२ बिट तपासा, मग स्लॉट, आणि मग ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ मधल्या ‘बूट’ पानावरच्या प्रगत पर्यायांत ‘मॅक्सिमम मेमरी’ ची खूण कोणी करून ठेवली आहे का ते. ती असेल तर काढा. शेवटी स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून एक फेरी चालवा. एकही चूक दाखवली तर पट्टी त्याच दिवशी बदलून घ्या. सदोष रॅमने लिहिलेला टॅलीचा डेटा नंतर बऱ्याचदा दुरुस्त करता येत नाही.

लिनक्स टाकलंय त्यांच्यासाठी

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, त्यामुळे जुन्या मशीनवर लिनक्स दिसू लागलंय. तिथे ‘फ्री’ (free) ही आज्ञा चालवून ‘अव्हेलेबल’ रकानाच बघा, ‘फ्री’ चा नको. ‘व्हीएमस्टॅट १’ (vmstat 1) चालवली की दर सेकंदाला एक ओळ येते. ‘एसआय’ (si) आणि ‘एसओ’ (so) या रकान्यांत सतत मोठे आकडे म्हणजे थ्रॅशिंग. लिनक्स मंजुरीच्या बाबतीत सैल हाताचं आहे, असेल त्याहून जास्त कबूल करतं, आणि खरंच संपलं की एखादा मोठा प्रोग्राम स्वतः मारून टाकतं. बहुधा ब्राउझरच जातो. चार जीबीवर झेडरॅम चालू करा, म्हणजे बाहेर जाणारी पानं डिस्कऐवजी रॅममध्येच दाबून ठेवली जातात. मग ‘स्वॅपिनेस’ (पानं किती सहज बाहेर काढायची तो आकडा) मूळच्या ६० वरून १०० पर्यंत नेता येतं. डिस्कवरचाच स्वॅप (लिनक्समधली पेजफाइल) असेल तर मात्र तो आकडा वाढवू नका.